उंदीर ओके म्हणत नाही

पोस्टिंगची ऑर्डर आली तेव्हा मी फौजेत नायक होतो. वय एकोणतीस. गाव कुर्डुवाडी, वडील रेल्वेच्या वर्कशॉपात फिटर. बर्फ म्हणजे तोवर मी रसवंतीतल्या ग्लासात आणि लग्नाच्या सरबतात पाहिलेला. आणि पोस्ट मिळाली ती अशा डोंगरावर, की जिथं वर्षातले सात महिने जमीन दिसत नाही. पहिल्या सकाळी बंकरमधून बाहेर आलो, समोर बघितलं आणि तोंड उघडंच राहिलं. एवढं मोठं आणि एवढं गप्प असं काही मी जन्मात पाहिलं नव्हतं. शेजारी उभा असलेला जवान हसून म्हणाला, "नायकसाब, तोंड मिटा. थंडी आत जाईल."

दिनक्रम सांगतो. पहाटे साडेपाचला स्टँड-टू. म्हणजे प्रत्येकानं हत्यार घेऊन आपापल्या मोर्चात सावध उभं राहायचं. पूर्ण उजाडलं की पोस्ट कमांडर साहेब म्हणणार, स्टँड-डाउन. मग हत्यार खाली आणि हातात चहा. त्यानंतर बर्फ उपसणं, शस्त्रं साफ करणं, पेट्रोलवर म्हणजे गस्तीवर जाणं. आणि पेट्रोल बाहेर असलं की दर अर्ध्या तासाला वायरलेस सेटवर रिपोर्ट.

"अल्फा फोर, रिपोर्ट. ओव्हर."

"अल्फा फोर, ऑल ओके. ओव्हर."

या ओकेची एक गंमत होती. घरून वाईट पत्र आलं, ओके. पोट बिघडलं, ओके. एकदा माझी दाढ सुजून गाल भाकरीएवढा झाला होता, तरी सेटवर मी ओकेच. कुणी तसा हुकूम दिला नव्हता. पण जो ओके म्हणत नाही त्याच्यासाठी बाकीच्यांना धावावं लागतं, हे प्रत्येकाला माहीत होतं. म्हणून दात आवळायचे आणि म्हणायचं.

हे सगळं सांगतोय, कारण त्या सेटवर मी एकदा खोटा रिपोर्ट दिला. बावीस वर्षं तो दुरुस्त केला नाही. या वर्षी केला, आणि तोही एका उंदरामुळं.

सेट ऑपरेटर होता लान्स नायक सिद्राम. अक्कलकोट तालुक्यातला. घरी कन्नड, शाळेत मराठी, पलटणीत हिंदी, आणि तिन्ही भाषांत मिळून दिवसाला वीस-पंचवीस वाक्यं बोलणारा. पोस्टवर सोलापूर जिल्ह्याचे आम्ही दोघंच. त्यामुळं घरून कडक भाकरी आणि शेंगाचटणीचं पार्सल आलं की बाकीच्यांना वास द्यायचा आणि दोघांनी फस्त करायचं. वय सव्वीस. पाच वर्षांची एक मुलगी, शिवलीला. तिचा फोटो त्यानं सेटच्या कव्हरमध्ये खोचून ठेवला होता.

त्या दिवशी आम्ही चौघं ०६:४० ला पेट्रोलवर निघालो. मी पुढं, माझ्यामागं सिद्राम, त्याच्यामागं दोन जवान. हवा स्वच्छ होती. ०७:२५ ला पायाखालून मोठा आवाज आला आणि उतारावरचा सगळा बर्फ सुटला. मागचे दोघं वाचले. मी आणि सिद्राम खाली नाल्यात गेलो. त्या दोघांकडं दोर नव्हता, त्यामुळं ते मदत आणायला पोस्टकडं परत धावले.

मला शुद्ध आली तेव्हा मी उताणा होतो. पाय दिसत होते, पण ते माझे आहेत असं काही वाटत नव्हतं. सिद्राम सेट ओढत माझ्याकडं सरपटत आला. सेट शाबूत होता. त्यानं आपला कोट काढून माझ्यावर घातला आणि बटण दाबलं.

"अल्फा फोर. एक कॅज्युअल्टी. नायक अंकुश, पीठ में चोट. मैं ओके. ओव्हर."

"स्ट्रेचर पार्टी भेज रहे हैं. हर आधे घंटे पर रिपोर्ट दो. ओव्हर."

धुकं उतरलं. हेलिकॉप्टरचा प्रश्नच मिटला. आठनंतर माझ्या लक्षात आलं की सिद्राम वाकून बसलाय. डावा हात बरगडीखाली दाबलेला. तो थुंकला ते बर्फावर लाल पडलं.

"सिद्राम, तुला लागलंय."

"न्हाय, नायकसाब. ओके हाय."

"दोन स्ट्रेचर मागव."

"एका स्ट्रेचरला आठ माणसं लागत्यात. दोनाला सोळा. वरचा बर्फ अजून सैल हाय. सोळा जण कशाला खाली आणायचे? मी चालत येतो की."

०९:३० ला साहेबांनी मला सेटवर बोलवलं. त्यांना काहीतरी संशय आला असावा. "अंकुश, तुम बोलो. सिद्राम कैसा है? ओव्हर."

सिद्रामनं सेट माझ्या तोंडाशी धरला. माझ्याकडं बघून नुसती नाही म्हणून मान हलवली. हुद्द्यानं मी त्याच्यावर होतो. सांगायचं काम माझं होतं.

मी म्हणालो, "सिद्राम ओके, साहब. ओव्हर."

११:५० ला पार्टी पोचली. आठ माणसं, एक नर्सिंग असिस्टंट, एक स्ट्रेचर. रिपोर्ट एकाचा होता म्हणून स्ट्रेचर एक. मला त्यावर बांधलं. सिद्राम चाळीसेक पावलं चालला आणि बर्फात खाली बसला. नर्सिंग असिस्टंटनं त्याच्या पोटाला हात लावला आणि त्याचा चेहरा उतरला. पोट लाकडासारखं घट्ट झालं होतं. जवानांनी त्याला आळीपाळीनं पाठीवर घेतलं. शेवटी तो मराठीत बोलला नाही की हिंदीत बोलला नाही. "अव्वा" म्हणाला. त्यांच्याकडं आईला अव्वा म्हणतात. वेळ १२:३५.

माझा मणका मोडला होता. आतली दोरी पूर्ण तुटली नव्हती, काही धागे शिल्लक होते, असं हॉस्पिटलात सांगितलं. मेडिकल बोर्ड झालं, पेन्शन झाली, व्हीलचेअर आली. लोकांना वाटतं की पाय गेले म्हणजे पायाचं दुखणंही गेलं. मलाही वाटलं होतं. तिसऱ्या महिन्यात आग सुरू झाली. आधी मुंग्या, मग चटके, मग कुणीतरी पोटरीतून तापलेली सळई ओढतंय असं. पाय हलत नाहीत, पण पायावर चादर घासली तरी जीव जातो. माझ्या बायकोनं, सुनंदानं, ओळखीच्या वेल्डरकडून एक लोखंडी कमान करून आणली. झोपताना ती पायांवर ठेवायची आणि तिच्यावर चादर टाकायची. बावीस वर्षं माझ्या पायांना चादर लागलेली नाही.

गोळ्या चालू आहेत. आग थोडी कमी होते, गुंगी जास्त येते. प्रत्येक डॉक्टर विचारतो, शून्य ते दहामध्ये किती दुखतंय? मी म्हणतो, तीन.

शून्य म्हटलं तर गोळ्या बंद करतील. आणि तीनच्या वर जायचा मला हक्क नाही, असं मनानं घेतलेलं. ज्याचा हक्क होता तो तर ओके म्हणत गेला. सुनंदाला याचा भयंकर राग. पाहुण्यांसमोर म्हणायची, "ह्यांच्या अंगावरनं मालगाडी गेली तरी म्हणतील, तीनच डबे होते."

घरी आल्यावर दोन वर्षांनी मी सिद्रामच्या गावी गेलो. त्याच्या बायकोनं, महादेवी वहिनींनी, चहा दिला आणि विचारलं, "लई तरास झाला का हो त्यांना?" मी म्हणालो, "नाही वहिनी. त्याला कळलंसुद्धा नाही." हा माझा दुसरा खोटा रिपोर्ट. मी असा मान खाली घालून बसलेलो असताना सात वर्षांची शिवलीला आतून गोधडी घेऊन आली. काकांना थंडी वाजत असेल म्हणून तिनं ती प्रेमानं माझ्या पायांवर टाकली. मी जो ओरडलो, तो सगळ्या गल्लीनं ऐकला. पोर दाराआड जाऊन लपली. मी घाम पुसत म्हणालो, "काही नाही, बाळ. ओके आहे काका."

तीच शिवलीला आता सत्तावीस वर्षांची आहे, बापापेक्षा मोठी. सोलापूरच्या एका फार्मसी कॉलेजात ती पीएचडी करते. विषय, मणक्याला मार लागल्यानंतरचं जुनं दुखणं आणि त्यावरचे नॅनो कण. मला आधी वाटलं, नॅनो म्हणजे ती छोटी मोटार. ती पोट धरून हसली होती.

या वर्षी तिनं मला एक वही दिली. माझ्यासारख्या मणका गेलेल्या बऱ्याच लोकांना दिली होती. महिनाभर दिवसातून तीनदा लिहायचं, किती दुखतंय आणि कसं दुखतंय. पुढं कधी हे औषध माणसांवर तपासायची वेळ आली, तर नेमकं काय विचारायचं आणि काय मोजायचं, हे आधी कळायला हवं म्हणून. मी वेळेवर वही भरली. महिन्यानंतर ती कुर्डुवाडीला आली आणि वही माझ्यापुढं आपटली.

"काका, सगळीकडं तीन! ताप आला त्या दिवशी तीन, पाऊस होता त्या दिवशी तीन. आमचे सर म्हणाले, ही वही काढून टाक, हा माणूस काहीही लिहितो."

"बरोबर बोलले सर," सुनंदा स्वयंपाकघरातून ओरडली.

"उद्या दोघंही सोलापूरला चला," शिवलीला म्हणाली. "मला तुम्हाला काहीतरी दाखवायचंय."

दुसऱ्या दिवशी ११:०० वाजता आम्ही तिच्या प्रयोगशाळेत होतो. तिनं फ्रिजमधून एक बारकी बाटली काढली. आत पाणीदार ताकासारखं काहीतरी. मी म्हणालो, "हे औषध? हे तर आमच्या घरी भांडं विसळून मोरीत ओततात."

तिनं त्यातला थेंबभर घेऊन पाण्यात पातळ केला आणि एका पेटीत सोडला. पेटीत हिरवा लेझर, वर मायक्रोस्कोप, त्याला जोडलेला पडदा. तिनं खोलीतला दिवा मालवला.

आईशप्पथ सांगतो, मी खुर्चीचे दोन्ही हात घट्ट धरले. सगळा काळा पडदा ठिणग्यांनी भरला होता. शेकडो बारीक ठिपके, आणि एकही स्थिर नाही. प्रत्येक जण उड्या मारतोय, वळतोय, खाली जाऊन परत वर येतोय. पिठाच्या गिरणीत कवडशात पीठ उडतं तसं, फक्त हे थांबतच नव्हतं.

"हे कोण हलवतंय?"

"कुणी नाही, काका. पाण्याचे अणुरेणू त्यांना चहूबाजूंनी धक्के देत असतात."

"आणि बाटली कपाटात ठेवली तर?"

"तरी हलतात. आपण बघत नसलो तरी."

"केवढा असतो एक?"

"तुमच्या डोक्यावरचा एक केस घ्या. त्याच्या जाडीत असे हजारभर शेजारी शेजारी बसतील."

मी डोक्यावरून हात फिरवला. उरलेत थोडे. डोंगर पाहिला होता तेव्हा जसं तोंड उघडं राहिलं होतं, तसंच आता राहिलं. ज्या बर्फानं माझी पाठ मोडली तो डोळ्यांत मावत नव्हता, आणि हे डोळ्यांना दिसतच नाही. देवानं आणि माणसानं कुठं कुठं काय काय करून ठेवलंय! मी पंधरा मिनिटं तिथून हललो नाही. सुनंदासुद्धा गप्प होती, आणि हे रोज घडत नाही.

मग शिवलीलानं समजावून सांगितलं. मणक्याला मार लागला की शरीराच्या रक्षण करणाऱ्या पेशी तिकडं धावतात. त्यांचं काम असतं साफसफाई आणि बंदोबस्त. पण मणक्यात त्या नंतरही शांत होत नाहीत. जळजळ करणारी रसायनं सोडत राहतात, आणि शेजारच्या नसा विनाकारण मेंदूला कळवत राहतात की आग लागलीय.

"म्हणजे स्टँड-टू झालंय," मी म्हणालो, "आणि स्टँड-डाउन कुणी दिलंच नाही."

ती माझ्याकडं बघतच राहिली. "अगदी असंच, काका. नुसतं औषध दिलं तर ते सगळ्या अंगात पांगतं. तिथं फार थोडं पोचतं, आणि गुंगी मात्र येते. हे कण त्या पेशी स्वतःच गिळतात. कण आत जाऊन हळूहळू विरघळतो आणि औषध तिथल्या तिथं सुटतं."

बावीस वर्षं माझ्या पाठीत काही शिपाई मोर्चात उभे आहेत. उजाडलंय हे त्यांना कुणी सांगितलेलं नाही. आणि ही पोर, सिद्रामची पोर, त्यांच्यापर्यंत निरोप पोचवायला केसाच्या हजाराव्या भागाएवढा जासूद तयार करतेय. मला खरंच भरून आलं.

मग तिनं कॉम्प्युटरवर व्हिडिओ लावला. जाळीवर दोन पांढरे उंदीर. दोघांच्याही मणक्याला सारखाच मार. पहिल्याला नुसते रिकामे कण टोचलेले, दुसऱ्याला औषध भरलेले. जाळीखालून एक हात आला, त्यात मासे धरायच्या दोऱ्यासारखा बारीक धागा. धाग्याचं टोक पहिल्या उंदराच्या पंजाला नुसतं टेकलं.

उंदरानं पंजा झटकला. तोंडाशी घेतला, चाटला, आणि वर धरूनच ठेवला.

मला गोधडी आठवली.

धागा दुसऱ्या उंदराच्या पंजाला टेकला. वाकेपर्यंत टेकला. तो मिशा साफ करत होता, तो साफच करत राहिला.

"पुन्हा लाव," मी म्हणालो. तिनं लावला. "पुन्हा." असं सात वेळा झालं. सुनंदानं पदराचं टोक तोंडाशी नेलं होतं. ती हळूच म्हणाली, "ह्याला चादर घालता येईल की गं."

शिवलीला म्हणाली, "काकू, हे उंदीर आहेत. शिवाय मार ताजा असताना दिलेलं औषध आहे. बावीस वर्षं जुन्या दुखण्यावर ते चालेल का, हे आज जगात कुणालाच माहीत नाही. माणसांपर्यंत यायला किती वर्षं लागतील, येईल की नाही, मी सांगू शकत नाही. काकांना खोटी आशा दाखवणार नाही मी."

"मला नाही मिळालं तरी चालेल," मी म्हणालो. "बघायला मिळालं, बास झालं."

"बास नाही झालं." तिनं व्हिडिओ थांबवला. पडद्यावर पहिला उंदीर पंजा वर धरून तसाच राहिला. "काका, उंदराचं एक बरं असतं. उंदीर ओके म्हणत नाही. दुखलं की पंजा उचलतो, आणि मला कळतं. माणसाच्या दुखण्याला अजून मशीन नाही. माणूस सांगेल तेच खरं धरावं लागतं. तुम्ही सगळे शूर लोक आधीही तीन लिहिणार आणि नंतरही तीन. मग औषध लागू पडलं तरी कळणार नाही, आणि चांगलं औषध फुकट जाईल." तिनं माझ्या पायांकडं बघितलं. "लहानपणी मी तुमच्या पायांवर गोधडी टाकली होती. तेव्हाच मला कळलं होतं की तुमचं ओके म्हणजे काय. हा विषय मी उगाच घेतला नाही."

तिनं नवी वही उघडली. "आत्ता किती?"

एसीची हवा पायांवर येत होती. मी त्या उंदराकडं बघितलं. त्याला कुणी शूर म्हणत नव्हतं, आणि त्यालाही त्याचं काही पडलेलं नव्हतं.

"नऊ," मी म्हणालो.

मागून सुनंदाचा हात माझ्या खांद्यावर पडला. "बावीस वर्षं तीन म्हणत होता की हो माझ्याजवळ! माझ्याजवळ बी?" असं म्हणून ती रडायला लागली. मी तिचा हात धरून ठेवला. शिवलीलानं लिहिलं, वेळ ११:५०, नऊ.

ती वेळ बघितली, एकच स्ट्रेचर घेऊन पार्टी पोचली होती तीच, आणि मला राहवेना. "शिवलीला, आणखी एक रिपोर्ट दुरुस्त करायचाय," मी म्हणालो. "तुझ्या अप्पांचा."

तिनं पेन खाली ठेवलं. मी सगळं सांगितलं. थुंकीतलं रक्त सांगितलं, सोळा माणसांचा हिशेब सांगितला. साहेबांनी मला सरळ विचारलं होतं आणि मी काय उत्तर दिलं, तेही सांगितलं. आणि जे सुनंदालाही कधी बोललो नव्हतो, ते सांगितलं. दोन कॅज्युअल्टी म्हटलं असतं, आणि स्ट्रेचर एकच आला असता, तर आधी कुणाला उचलायचं हा प्रश्न आला असता. त्या क्षणी मला भीती वाटली होती, की मला मागं ठेवतील.

तिनं स्टूल माझ्या खुर्चीजवळ ओढलं.

"अप्पांना त्रास झाला?" तिनं विचारलं.

"झाला. लई झाला. पाच तास."

"काही बोलले?"

"अव्वा म्हणाला."

तिनं डोळे पुसले. माफ केलं असं ती म्हणाली नाही, आणि मी मागितलंही नाही. तिनं वहीचं पान उलटलं आणि पेन उचललं. "सेटवर द्यायचा तसाच द्या, काका. मी लिहून घेते. वेळ?"

"०९:३०." मी खुर्चीत ताठ झालो. "अल्फा फोर. दोन कॅज्युअल्टी. नायक अंकुश, पाठीला मार. लान्स नायक सिद्राम, पोटाला मार, आतून रक्त जातंय. दोन स्ट्रेचर पाठवा. ओव्हर."

तिनं एकेक शब्द लिहिला. मग नेहमीच्या रकान्यावर तिचं पेन थांबलं.

"आणि अप्पांचा आकडा?"

"दहा," मी म्हणालो.

तिनं बापाच्या नावापुढं दहा लिहिला.